दुर्गंध आणि दोष

शुचि कोणते आणि अशुचि कोणते, हा प्रश्न आपल्या घरांत दिवसातून दहा वेळा उपस्थित होतो. परंतु त्याचा विचार मात्र क्वचितच होतो. देवघरात जाण्यापूर्वी पाय धुवावेत, शिळे फूल देवाला वाहू नये, हुंगलेले फूल पूजेत घेऊ नये, नैवेद्याच्या ताटावर माशी बसू देऊ नये, हे नियम आपण सर्वजण लहानपणीच शिकलो. पुजाऱ्याच्या घरी वाढल्यामुळे आम्हांस ते काहीसे अधिक काटेकोरपणे शिकावे लागले. हे नियम मोडावेत असे सुचविण्यासाठी हा लेख नाही. आम्हांस विचार करावयाचा आहे तो एवढाच की, जे नाकाला घाण वाटते ते खरोखरच वाईट असते काय? आणि तसे नसेल, तर नाकाचे म्हणणे कोठवर ऐकावे व कोठे थांबवावे?

या विचारासाठी आम्ही एका रानटी अळंबीचे उदाहरण घेतले आहे. मंदिराच्या पत्रिकेत अशा वस्तूला स्थान कशासाठी, असे काही वाचकांस वाटेल. त्यांनी थोडा धीर धरावा, एवढीच विनंती.

खानापूरहून जांबोटीमार्गे कणकुंबीकडे जाऊ लागले की रान दाट होत जाते. याच प्रदेशात मलप्रभेचा उगम आहे, याच तालुक्याच्या रानांत म्हादईचा उगम आहे, आणि येथील भीमगडचे अरण्य २०११ साली अभयारण्य म्हणून जाहीर झाले. पुढे चोर्ला घाट उतरला की गोवा. पावसाळ्यात या सह्याद्रीच्या पट्ट्यात जमिनीवर पानांचा जाड थर कुजत असतो, आणि त्या थरातून नाना तऱ्हांच्या अळंब्या वर येतात. त्यांपैकी वारुळावरची अळंबी सर्वांच्या ओळखीची. तिची वाट लोक वर्षभर पाहतात. पण सह्याद्रीच्या दमट रानांत आणखी एक अळंबी सापडते, जिची वाट कोणी पाहत नाही. तिचे शास्त्रीय नाव फॅलस इंडुसिएटस. इंडुसिएटस या लॅटिन शब्दाचा अर्थ अंगरखा घातलेला असा आहे. उष्ण कटिबंधातील आशिया, आफ्रिका, अमेरिका आणि ऑस्ट्रेलिया या सर्व खंडांत तिचा आढळ आहे. सोयीसाठी आपण तिला जाळीची अळंबी म्हणू.

प्रथम ती जमिनीत अर्धवट पुरलेल्या अंड्यासारखी दिसते. वरचे कवच मऊ आणि आत चिकट गर. त्या गरात देठ स्पंजासारखा दाबून बसविलेला असतो. पुरेसे पाणी मिळाले की तो देठ फुगू लागतो, कवच फाटते, आणि काही तासांतच वीतभर उंचीची पांढरी अळंबी उभी राहते. तिच्या टोपीखालून एक पांढरी, नाजूक जाळी झग्यासारखी चहूकडे पसरते. दुरून पाहणारास वाटावे, कोणी क्रोशाच्या सुईने विणून ती रानात ठेवली आहे. पण जवळ जावे तर नाकाला पदर लावावा लागतो. टोपीवर तपकिरी-हिरवट रंगाचा चिकट लेप असतो, आणि त्यातून मेलेल्या जनावरासारखी घाण येते. सडक्या मांसातून निघणारी गंधकयुक्त द्रव्येच या वर्गातील अळंब्यांच्या लेपात सापडली आहेत.

हा लेप कशासाठी? अळंबीला बी नसते. तिची प्रजा बीजाणूंपासून वाढते. बहुतेक अळंब्यांचे बीजाणू छत्रीखालच्या पडद्यांतून धुळीसारखे सुटतात आणि वारा त्यांस घेऊन जातो. परंतु जाळीच्या अळंबीचे बीजाणू कोरडे नसतात; ते त्या चिकट लेपातच कालविलेले असतात. एकेक बीजाणू मिलिमीटरच्या सुमारे तीनशेव्या भागाएवढा. दाट झाडीत, जेथे पावसाळ्यात पान हलण्याइतकाही वारा जमिनीजवळ नसतो, तेथे अशा ओल्या लेपाला वाऱ्याचा काय उपयोग? म्हणून ती माशीला बोलावते. घाण वासाने माशा येतात, लेप चाटतात, पायांस व अंगास माखून घेतात आणि उडून जातात. पोटात गेलेले बीजाणू माशीच्या विष्ठेतून पुन्हा बाहेर पडतात आणि तेथे रुजू शकतात. किड्यांच्या मदतीने अळंब्यांचे बीजाणू कसे पसरतात यावर फुल्टन नावाच्या संशोधकाने १८८९ सालीच निबंध लिहिला होता, आणि पुढे जपानात याच जातीच्या अळंब्यांवर व माशांवर अभ्यास झाला. काही तासांत टोपी धुतल्यासारखी स्वच्छ होते. लेप गेला की वासही जातो. दुसऱ्यातिसऱ्या दिवशी अळंबी कोसळून ज्या पानांतून ती आली त्याच पानांत मिसळते.

आता येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. तोच वास, तीच जागा, तीच घटका. मनुष्य तेथून पळतो आणि माशी तेथे धावत येते. वास एकच असून एकाला तो निषेध वाटतो व दुसऱ्याला निमंत्रण. मग 'घाण' हा गुण कोणाच्या ठायी आहे? अळंबीच्या, की नाकाच्या?

आपल्या न्यायशास्त्रात याचे उत्तर फार पूर्वी विचारपूर्वक देऊन ठेवले आहे. अन्नंभट्टाचा तर्कसंग्रह हा न्यायाच्या विद्यार्थ्याचा पहिला ग्रंथ. त्यात पृथ्वीचे लक्षणच गंध हे सांगितले आहे. ज्याला गंध आहे ते पृथ्वीतत्त्व. आणि गंधाचे प्रकार दोन, सुरभि आणि असुरभि. एक पुण्याचा व दुसरा पापाचा, असे तो ग्रंथ म्हणत नाही. दोन्ही गंध एकाच पृथ्वीचे. चाफ्याचा गंध जिचा, तिचाच हा गंधही. असुरभि म्हणजे सुगंधी नसलेला. शास्त्रकारांनी येथे नाकाचा अनुभव नोंदविला, पण वस्तूवर दोष लादला नाही. हा संयम आम्हांस फार मोलाचा वाटतो.

यावर एखादा विचारी वाचक म्हणेल, "असे असेल तर स्वच्छ आणि अस्वच्छ हा भेदच खोटा ठरला. मग स्नान कशाला आणि सोवळे कशाला?" आक्षेप योग्य आहे, आणि त्याला बगल देऊन चालणार नाही.

किळस ही निरर्थक वस्तू नव्हे. सडलेल्या अन्नातून, मैल्यातून, साचलेल्या पाण्यातून रोग होतात हे मनुष्याला शास्त्राच्या आधी नाकाने शिकविले. जी माशी रानात या अळंबीवर बसते तिचीच भावकी आपल्या स्वयंपाकघरातही येते, आणि तिच्या पायांना बीजाणूंऐवजी रोगजंतू चिकटले की पटकी, हगवण यांचा फैलाव होतो. तेव्हा नैवेद्याचे ताट झाकून ठेवावे हा नियम सर्वथैव योग्यच आहे. नाक हा शरीराच्या दारावरचा पहारेकरी आहे. तो ओरडला की थांबून पाहावे, यात शहाणपण आहे. आमचे म्हणणे एवढेच की, पहारेकऱ्याने ओरडावे. निवाडा करू नये. दाराशी कोण आले हे पाहण्याचे काम घरधन्याचे, म्हणजे बुद्धीचे आहे.

कारण हा पहारेकरी दोन्ही बाजूंनी चुकतो. पहिली चूक अशी की, तो निरुपद्रवी वस्तूवर ओरडतो. हिंगाचेच पाहावे. हिंगाच्या डबीचे झाकण उघडून जो वास येतो, तोही गंधकयुक्त द्रव्यांचाच. नवख्या परदेशी माणसाला तो असह्य होतो. परंतु फोडणीत चिमूटभर हिंग पडला नाही तर आपल्या आमटीला चव नाही. हा हिंग शतकानुशतके इराण-अफगाणिस्तानकडून येत आला. आपल्या देशात त्याची लागवड हिमाचलातील लाहौल खोऱ्यात २०२० च्या ऑक्टोबरात सुरू झाली. ज्या जाळीच्या अळंबीचे आपण बोलत आहो, तिचेही चीनमध्ये असेच आहे. टोपीवरचा लेप काढून, देठ व जाळी वाळवून तेथील लोक तिचे सूप करतात. ते मेजवानीचे पक्वान्न समजले जाते आणि त्यासाठी तिची शेतीही होते. अर्थात हे वाचून कोणी रानातली अनोळखी अळंबी घरी आणू नये. विषारी अळंबी ओळखण्याची कोणतीही घरगुती युक्ती भरवशाची नाही.

दुसरी चूक अधिक घातक. ती म्हणजे जेथे ओरडावयास हवे तेथे पहारेकरी झोपी जातो. युरोपात डेथ कॅप नावाची अळंबी आहे. तिच्या एका छत्रीने मनुष्याचे यकृत निकामी होऊन मृत्यू येऊ शकतो; आणि कोवळेपणी तिचा वास मधासारखा गोडसर असतो. पण एवढे दूर कशाला जावे? आपले निपाणी गाव विडीच्या तंबाखूची मोठी पेठ. निपाणीत वाढलेल्या माणसाला तंबाखूचा वास वास म्हणून जाणवतही नाही. उलट हंगामात तो आला की पेठेत पैसा आला असे वाटते. परंतु वखारींत तंबाखू चाळणाऱ्या-निवडणाऱ्या बायाबापड्यांच्या छातीत तीच धूळ जाते, आणि विडीच्या धुराने कर्करोग होतो हे आता निर्विवाद आहे. निपाणीच्या या कामकरी स्त्रियांच्या लढ्यावर युगांतर या चित्रपटगटाने १९८२ साली माहितीपटही काढला. रानातल्या अळंबीचा वास घाण, पण तिने कोणाचे काही बिघडविले नाही. तंबाखूच्या वासाची सवय झाली, म्हणून त्याने केलेली हानी मात्र कमी झाली नाही.

याहून भयंकर उदाहरण गटारातल्या वायूचे आहे. हायड्रोजन सल्फाइड हा वायू थोडा असला की सडक्या अंड्यासारखा वास येतो. तो फार वाढला की घ्राणशक्तीच बधिर होते आणि वास येणे बंद होते. म्हणजे धोका परमावधीला पोहोचला की पहारेकरी मुका होतो. गटारात उतरलेली माणसे गुदमरून मेल्याची वार्ता आपण वर्तमानपत्रांत वाचतो, त्यामागे पुष्कळदा हाच वायू असतो.

येथवर नाकाच्या चुका पाहिल्या. परंतु नाकाच्या चुकीवर जेव्हा मन नीतीचा शिक्का मारते, तेव्हा खरा अनर्थ सुरू होतो. युरोपातील अशाच एका दुर्गंधी अळंबीला लिनियस या विख्यात वनस्पतिशास्त्रज्ञाचे नाव चिकटलेले आहे, कारण १७५३ साली त्याने तिचे नामकरण केले. आणि नाव ठेवले ते कोणते, तर 'निर्लज्ज' या अर्थाचे. ती दिसावयास असभ्य, एवढाच तिचा अपराध! चार्ल्स डार्विनची नात ग्वेन रॅव्हेरॅट हिने १९५२ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या आठवणींत एक गमतीची हकीकत सांगितली आहे. तिची एटी आत्या, म्हणजे डार्विनची कन्या, टोपली व टोकदार काठी घेऊन रानात जाई, वासाच्या मागाने या अळंब्या हुडकून काढी, आणि घरी आणून दार बंद करून त्या गुपचूप जाळून टाकी. कारण काय, तर घरातील मोलकरणींच्या नीतीला त्यांच्यामुळे बाधा येऊ नये! ज्याने सृष्टीचे निरीक्षण कसे करावे हे जगाला शिकविले, त्याच्याच घरात अळंबीला चारित्र्य चिकटले. आपण हसतो, पण हसून झाल्यावर आपल्या घराकडेही पाहावे.

अळंबीला निर्लज्ज म्हटल्याने अळंबीचे काही बिघडत नाही. परंतु आपण हाच न्याय माणसांना लावला. घाण उपसणे हे काम आहे. ते काम करणारा माणूस घाण नव्हे. ही साधी गोष्ट आपल्या समाजाने शेकडो वर्षे मानली नाही. कामाचा वास माणसाला लावला, माणसाचा त्याच्या मुलाबाळांना लावला, आणि पुढे जन्मालाच लावला. वस्तूचा वास निदान धुतल्याने जातो. हा लावलेला वास कशानेच जात नाही, कारण तो त्या माणसाच्या अंगाला कधी नव्हताच. तो लावणाऱ्याच्या मनात होता.

याविरुद्ध आपल्याच गावात एक धडा गिरविला गेला आहे. १९२४ च्या डिसेंबरात बेळगाव येथे महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन भरले. गांधीजींनी अध्यक्षपद भूषविलेले हे एकमेव अधिवेशन. टिळकवाडीत त्या वेळची काँग्रेस विहीर आजही दाखविली जाते. त्या छावणीत सफाईचे काम स्वयंसेवकांनी आपल्या हातांनी केले, आणि त्यांत उच्चवर्णीय घरांतील तरुणही होते. दुर्गंधी त्यांनाही आली असणार. नाक काही तत्त्वज्ञान ऐकत नाही. परंतु नाक मुरडत का होईना, काम केले आणि कामाला हलके मानले नाही. पुढे १९५० साली अमलात आलेल्या राज्यघटनेच्या १७ व्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली; १९९३ साली आणि पुन्हा २०१३ साली कायद्याने मनुष्याकडून हाताने मैला उपसून घेण्यास मनाई केली. कायदा झाला, पण मनातला पहारेकरी अजून न्यायाधीशाच्या आसनावरून उतरलेला नाही.

आम्हांस हे धर्माच्या विरुद्ध वाटत नाही. शौच हा गुण शास्त्रांनी सांगितला तो स्वतः आचरण्यासाठी. दुसऱ्याला मोजण्यासाठी नव्हे. सोवळे नेसलेला मनुष्य ताटाची, हातांची, पाण्याची काळजी घेतो तोपर्यंत ते शौच आहे. तोच मनुष्य दारात उभ्या असलेल्या माणसाकडे पाहून नाकाला उपरणे लावतो, तेव्हा ते शौच राहत नाही. तो केवळ अहंकार होय.

पुन्हा एकदा त्या रानाकडे पाहू. जाळीची अळंबी मेलेल्या लाकडावर आणि कुजणाऱ्या पानांवर जगते. झाडांनी टाकून दिलेले ते कुजवून पुन्हा मातीत मिळविणे, हे तिचे व तिच्या असंख्य सोबतिणींचे काम. हे काम कोणी केले नाही तर पानांचे ढीग साचत जातील आणि मुळांना काही मिळणार नाही. कणकुंबीच्या ज्या रानातून मलप्रभा निघते, त्या रानाची माती अशाच कुजण्यातून झाली आहे. माशीलाही ती फसवीत नाही. लेपात गोडवा असतो आणि माशीचे पोट भरते. याच सह्याद्रीत कंदीलपुष्प नावाचे एक देखणे फूल आहे. ते इवल्या माशांना आपल्या नळीत काही काळ कोंडून ठेवते, परागकणांचे ओझे चिकटवते आणि मग सोडते. त्या फुलाची छायाचित्रे लोक घरी नेतात. आम्ही फुलाला दोष देत नाही. त्याचाही तो स्वभावच. पण रूप आणि गंध पाहून कोण देणारे व कोण लुबाडणारे हे ठरवू गेल्यास आपला अंदाज किती उलटा पडेल, हे यावरून दिसते.

आपल्या मंदिरातही हेच घडते. सकाळी देवाच्या मस्तकावर असलेले फूल दुसऱ्या दिवशी निर्माल्य होते, आणि चार दिवस एका ठिकाणी पडले तर त्यालाही वास येतो. फूल तेच. आपण त्याला पायदळी येऊ देत नाही, कारण त्याचा पूर्वीचा मान आपल्याला आठवतो. ते नदीत सोडण्याऐवजी खड्ड्यात मातीआड केले तर तेथेच त्याचे खत होते, आणि त्या खतावर पुढची जास्वंद फुलते. कुजणे हा निर्माल्याचा अपमान नव्हे. ते त्याचे पुढचे काम आहे.

म्हणून सभासद कुटुंबांना आमच्या दोन विनंत्या आहेत. पावसाळ्यात जांबोटी-चोर्ल्याकडे जाणे झाले आणि रानात अकस्मात घाण वास आला, तर मुलांना ओढून नेण्याऐवजी, पाने न तुडवता, दुरूनच तो पांढरा झगा शोधून दाखवावा. त्यावर माशा का बसल्या आहेत हे त्यांस सांगावे. काठीने ती मोडू देऊ नये. दुसरी विनंती घरची आहे. मंदिराची वा घराची मोरी, गटार साफ करावयास जो कोणी येतो, त्याला त्याच्या नावाने हाक मारावी. काम झाल्यावर हातपाय धुण्यास पाणी व साबण द्यावा, आणि चहा द्यावयाचा तो घरातील पाहुण्याला ज्या कपात देतो त्याच कपात द्यावा. तो कप नंतर, सर्वांचे घासतात तसाच, घासून पालथा घालावा.